नावे झाकून तपासा!

फराळाच्या ताटात हे कारले कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे! पेपर तपासताना मी मुलाच्या नावाचा कोपरा दुमडून ठेवतो. नाव दिसले की हात सैल सुटतो, हा माझा स्वतःचा अनुभव. राष्ट्रांचे परीक्षक मात्र आधी नाव वाचतात, मग उत्तर!

१७ फेब्रुवारी २००८ रोजी कोसोवोतील अल्बेनियनांनी सर्बियापासून स्वातंत्र्य पुकारले. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेने मान्यता दिली, आणि वर बजावले की याचा दाखला कोणी देऊ नये! रशिया तेव्हा सर्बियाच्या अखंडतेचा कैवारी. पण त्याच ऑगस्टात त्याने जॉर्जियातून फुटलेल्या अबखाझियाला नि दक्षिण ओसेशियाला मान्यता दिली, आणि २०१४ मध्ये क्रिमिया गिळताना दाखला दिला तो कोसोवोचाच. आता अखंडतेची आठवण अमेरिकेला झाली.

दोन्ही प्रकरणे सारखी नव्हेत, हे मला कबूल आहे. १९९९ मध्ये सर्बियन फौजांनी लाखो अल्बेनियनांना घरांतून हुसकले होते; क्रिमियात तसे काही नव्हते, आणि तिथले मतदान झाले ते रशियन बंदुकांच्या छायेत. ठीक. मग 'जिथे छळ, तिथे फुटण्याचा हक्क' असे उघड म्हणा ना! पण मग ऑगस्ट १९९५ मध्ये क्रोएशियातून दीड लाखांहून अधिक सर्ब परागंदा झाले, त्यांच्यासाठी कोणाचे विमान उडाले? आणि उत्तर कोसोवोतल्या सर्बांना अल्बेनियनांचे राज्य नको आहे, त्यांना काय उत्तर द्याल?

दुसऱ्यांना कशाला बोलू? कोसोवोची बातमी वाचून मीही त्या दिवशी वर्गात पेढे वाटले होते. त्या सर्बांचे नाव माझ्या तोंडी कित्येक वर्षे आले नाही.