तुटले म्हणजे टाकले असे नव्हे

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या जुन्या सभागृहाच्या दारावर असलेल्या रंगीत काचांच्या झरोक्याला क्रिकेटचा चेंडू लागला आणि तीन काचा फुटल्या. चेंडू कोणाचा होता हे आम्ही तेव्हा विचारले नाही आणि आता विचारणारही नाही. ठेकेदार येऊन पाहून गेला. त्याचे म्हणणे असे पडले की लाकडी चौकट जुनी झाली आहे, झरोका सगळाच काढावा आणि अॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवावी. काम दोन दिवसांचे आणि खर्चही बेताचा. आम्ही मान डोलावली. हा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवणारेही आम्हीच. आज तो मागे घ्यावा अशी विनंती आम्ही करीत आहोत आणि त्याची कारणे मांडणे आमचे कर्तव्य आहे.

पहिले कारण आमच्या शिपाई मामांनी दिले. फुटलेल्या काचांचे तुकडे त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर जपून ठेवले होते. "सर, टाकवले नाही. असा रंग आता कुठे मिळतो?" एवढेच ते म्हणाले. मामांच्या या प्रश्नामुळे आम्ही रंगीत काचांविषयी थोडे वाचन केले. ते विद्यार्थ्यांनाही सांगावेसे वाटते.

आपला झरोका साधा आहे. लाकडी चौकटीत खोबणी करून काचा बसवल्या आहेत. इंदूरच्या जुन्या वाड्यांत असे झरोके अनेकांनी पाहिले असतील. युरोपातील चर्चच्या खिडक्यांची रीत निराळी. तिथे काचेचे शेकडो लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. आधी खिडकीच्या मापाचे पूर्ण चित्र कागदावर काढतात. त्याबरहुकूम काच कापतात. चेहरे, बोटे, कपड्यांच्या चुण्या गडद रंगाने काचेवर रंगवतात आणि काच भट्टीत घालून तो रंग पक्का करतात. चांदीचे क्षार लावून भाजले की काचेवर पिवळी छटा येते. मग तुकडे शिशाच्या पट्टीत बसवायचे. या पट्टीला दोन्ही बाजूंनी खोबण असते, म्हणजे एक पट्टी दोन काचा धरते. पट्ट्या जिथे मिळतात तिथे डाख द्यायचा. शेवटी खडूची पूड, जवसाचे तेल आणि काजळी यांची लुकण फटींत घासून भरायची. तिच्यामुळे पाणी आत येत नाही आणि खिडकीला ताठपणा येतो. बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या साधूने ही कृती लिहून ठेवली. कामाचे मुख्य टप्पे आजही तेच आहेत.

शिसे मऊ असते. उन्हाने, वाऱ्याने आणि स्वतःच्या वजनाने ते थकते आणि खिडकीला पोट सुटते. शंभर-सव्वाशे वर्षांत शिसे बदलावे लागते, काच मात्र तीच राहते. दुरुस्ती करणारे आधी खिडकीचे फोटो घेतात, कागद ठेवून शिशाच्या रेषांचा ठसा उमटवतात, प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतात आणि मगच पट्ट्या उकलतात. तडा गेलेली काच ते फेकत नाहीत, चिकटवून पुन्हा तिच्याच जागी बसवतात.

इंग्लंडमधील यॉर्क मिन्स्टर या चर्चला ९ जुलै १९८४ रोजी आग लागली. दक्षिणेकडील गोल खिडकीतील सुमारे सात हजार तुकड्यांना चाळीस हजारांच्या आसपास तडे गेले. तरी खिडकी कोसळली नाही, कारण शिशाने तुकडे धरून ठेवले होते. ती उतरवून दुरुस्त केली आणि आज ती जागेवर आहे. त्याच चर्चची पूर्वेकडील भव्य खिडकी जॉन थॉर्नटन या कारागिराने १४०५ ते १४०८ या काळात केली. तिचे ३११ भाग २००८ पासून उतरवून दुरुस्त करण्यात आले आणि हे काम २०१८ मध्ये पुरे झाले. खिडकी घडवायला तीन वर्षे लागली आणि दुरुस्तीला दहा! इतका धीर धरणाऱ्या माणसांना आम्ही मनोमन नमस्कार केला.

हे फक्त परदेशातच होते असे नाही. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरमधील रंगीत काचांची दुरुस्ती २०१५ मध्ये पूर्ण झाली. स्वाती चांदगडकर यांच्यासारख्या जाणकारांनी ते काम केले. मात्र आपल्या देशात ही विद्या येणारे लोक मोजकेच आहेत. आणि आपल्या गावाचे काय? १९८४ मध्येच आपला राजवाडाही जळाला. आम्ही त्या वेळी शाळेत शिकत होतो. राजवाडा पाडून तिथे दुकानांची इमारत करणे सोपे झाले असते. तसे झाले नाही. तो पुन्हा उभा राहिला आणि आज आपण पाहुण्यांना अभिमानाने तिकडे नेतो.

काही पालक म्हणतील की शाळेला बाकांची, संगणकांची गरज आहे, तीन काचांसाठी एवढा खटाटोप कशाला? हा प्रश्न रास्त आहे. बाकांचा पैसा काचांवर खर्च करावा असे आम्ही म्हणत नाही. चौकट सुताराला दाखवली. त्याच्या मते खालची एक पट्टी तेवढी कुजली आहे, बाकी लाकूड घट्ट आहे. म्हणजे "सगळेच काढा" हा सल्ला दुरुस्ती न येणाऱ्याचा होता आणि आम्ही तो न तपासता स्वीकारला. चूक आमची.

आमचा आग्रह खर्चाहून मोठ्या गोष्टीसाठी आहे. मुलांना आपण नवे विकत घ्यायला शिकवतो, मोडलेले सांधायला शिकवीत नाही. पेन बिघडले, फेका. छत्रीची काडी मोडली, फेका. ज्याला दुरुस्ती येते तो आधी नीट बघतो, वस्तू कशी जोडली आहे ते समजून घेतो आणि मगच तिला हात लावतो. हे शिक्षण विज्ञानाच्या तासाइतकेच महत्त्वाचे आहे. यात गुण जाणार नाहीत, झाली तर समज वाढेल.

म्हणून आमचा प्रस्ताव असा आहे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी कार्यानुभवाच्या तासाला झरोक्याचा ठसा घ्यावा, मापे काढावीत, काचांना क्रमांक द्यावेत आणि पूर्ण आकाराचे चित्र तयार करावे. काच कापणे आणि बसवणे हे काम जाणत्या कारागिराचे, ते मुलांनी दुरून पाहावे. शिसे विषारी असते, त्यामुळे शिशाचे काम शाळेत अजिबात होणार नाही. आपल्या झरोक्याला त्याची गरजही नाही. जुन्या रंगाची काच मिळाली नाही तर तिथे साधी काच बसवू. जवळचा रंग लावून जुन्याचा आव आणण्यापेक्षा ते बरे. मामांनी जपलेल्या तुकड्यांपैकी जो मोठा आहे तो सांधून पुन्हा वर बसवावा. त्यातला तडा दिसला तर दिसू द्यावा.

विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत यावर विचार व्हावा ही नम्र विनंती. पालकांपैकी कोणाच्या घरी किंवा माळ्यावर अशी जुनी रंगीत काच पडून असेल तर कार्यालयात जरूर कळवावे. आणि ज्याचा तो चेंडू होता त्याने ठसा घ्यायच्या दिवशी सर्वांत आधी यावे. त्याच्यासाठी पहिला कागद राखून ठेवला आहे.