विश्लेषण : जुनी आलिशान एसयूव्ही दान करायची, तर गाडी द्यावी की गाडीचे पैसे?

करोनाच्या पहिल्या लाटेत, २०२० मध्ये, मालाडच्या मालवणीतील शाहनवाज शेख या तरुणाने आपली फोर्ड एंडेव्हर विकली आणि त्या पैशांतून ऑक्सिजन सिलिंडर घेतले. ‘ऑक्सिजन मॅन’ म्हणून त्याचे नाव पुढे देशभर पोहोचले. आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या सोसायट्यांत आठ-दहा वर्षांच्या मोठ्या एसयूव्ही पार्किंगची जागा अडवून उभ्या असलेल्या दिसतात. मुले परदेशी गेली, घरात लहान इलेक्ट्रिक गाडी आली आणि सात आसनांची गाडी महिन्यातून एकदाच बाहेर पडू लागली. ‘विकण्यापेक्षा एखाद्या संस्थेला देऊन टाकू’ असा विचार अशा वेळी येतो. विचार चांगला आहे. पण गाडी देणे आणि गाडीची किंमत देणे यांत कायदा, कर आणि उपयोग या तिन्ही बाबतींत मोठा फरक आहे.

मालवणीत नेमके काय घडले?

शेख यांच्या मित्राच्या नात्यातील एका गर्भवती महिलेचा मे २०२० मध्ये वेळेवर उपचार न मिळाल्याने रिक्षातच मृत्यू झाला. त्यानंतर त्यांनी गरजूंना ऑक्सिजन पुरवण्याचे काम हाती घेतले. सुरुवातीला त्यांची एसयूव्हीच रुग्णांची ने-आण करत होती. पैसे संपत आले तेव्हा त्यांनी ती विकली. त्या वेळच्या बातम्यांनुसार गाडीचे सुमारे २२ लाख रुपये आले आणि त्यातून १६० सिलिंडर घेतले गेले. दुसऱ्या लाटेपर्यंत चार हजारांहून अधिक लोकांना मदत पोहोचल्याचे सांगितले जात होते. एक गाडी एका वेळी एकच रुग्ण नेऊ शकते. तिच्या किमतीतून आलेले सिलिंडर मात्र एकाच वेळी अनेक घरांत पोहोचले आणि पुन्हा पुन्हा भरून वापरले गेले.

गाडी दान केल्यास प्राप्तिकरात सवलत मिळते का?

नाही. समाजमाध्यमांवर ‘कार दान करा, कर वाचवा’ असे जे व्हिडीओ फिरतात, ते बहुतेक अमेरिकेतील व्यवस्थेबद्दल असतात. तिथे वस्तुरूप दानालाही वजावट मिळते. मात्र गाडीची किंमत फुगवून दाखवण्याचे प्रकार वाढल्यावर तिथेही २००५ पासून नियम कडक झाले. आता ५०० डॉलरपेक्षा जास्त वजावट मागायची असेल, तर सहसा संस्थेने ती गाडी जितक्याला विकली तितकीच रक्कम धरली जाते.

भारतात प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०जी खाली केवळ पैशांच्या रूपातील देणगीला वजावट आहे. कपडे, धान्य, औषधे, गाडी यांना नाही. रोख रक्कमही दोन हजारांच्या वर चालत नाही. धनादेश किंवा ऑनलाइन हस्तांतरण लागते. शिवाय ही वजावट जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते. नव्या करप्रणालीत ती नाही.

मग विकून पैसे दिले तर किती फायदा?

एक उदाहरण घेऊ. गाडी १० लाखांना विकली आणि सर्व रक्कम ८०जी नोंदणी असलेल्या संस्थेला दिली. दात्याचे इतर वजावटींनंतरचे उत्पन्न ४० लाख आहे. बहुतेक संस्थांसाठी देणगीची मर्यादा या उत्पन्नाच्या १० टक्के, म्हणजे ४ लाख. त्याच्या ५० टक्के, म्हणजे २ लाख रुपयांची वजावट मिळते. ३० टक्के कर आणि त्यावरील ४ टक्के उपकर धरला तर जुन्या करप्रणालीत ६२,४०० रुपये वाचतात. १० लाखांच्या दानावर ही बचत किरकोळच आहे. कर वाचवण्यासाठी गाडी दान करण्यात अर्थ नाही. ज्याला खरोखर द्यायचे आहे त्यानेच द्यावे.

विक्रीवर मात्र सहसा कर लागत नाही. स्वतःच्या वापरातील खासगी गाडी ही ‘वैयक्तिक वापराची वस्तू’ मानली जाते, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही. जुन्या गाड्यांवरील १८ टक्के जीएसटी नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर असतो. घरगुती मालकाने स्वतःची गाडी विकली तर तो लागू होत नाही. गाडी कंपनीच्या किंवा व्यवसायाच्या नावावर असेल, घसारा घेतलेला असेल, तर हिशोब वेगळा होतो. तिथे सीएचा सल्ला घ्यावा.

संस्थेला गाडी नकोशी का वाटते?

फुकट मिळालेली गाडी फुकटात चालत नाही. १५०० सीसीच्या वरच्या खासगी कारचा थर्ड पार्टी विम्याचा हप्ताच २०२२ च्या दरानुसार ७,८९७ रुपये आहे. त्यावर कर, चालकाचा पगार, डिझेल, टायर आणि सर्व्हिसिंग. आलिशान गाडीचे सुटे भाग महाग असतात. फोर्डने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. अशा कंपनीची गाडी असेल तर सुटे भाग शोधण्याची कटकट वेगळी.

नोंदणीची १५ वर्षे संपत आली असतील तर फेरनोंदणी आणि फिटनेसचा खर्चही संस्थेच्या माथी येतो. मुंबईच्या हवेच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये डिझेल आणि पेट्रोल वाहने टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा विचार मांडला आणि राज्य सरकारने त्यासाठी समितीही नेमली. त्यामुळे जुन्या डिझेल एसयूव्हीचे शहरातील भवितव्य फारसे निश्चिंत नाही.

‘तिची रुग्णवाहिका करा’ हेही सोपे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीशिवाय गाडीच्या रचनेत बदल करता येत नाहीत आणि रुग्णवाहिकेसाठी एआयएस-१२५ हे वेगळे मानक आहे. आसने काढून स्ट्रेचर टाकला आणि भोंगा बसवला की रुग्णवाहिका होत नाही.

गाडीच देणे कधी योग्य ठरते?

गरज वाहनाचीच असेल तेव्हा. जव्हार-मोखाड्याच्या घाटरस्त्यांवर आरोग्य शिबिरे घेणारी, घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी किंवा जखमी प्राण्यांसाठी काम करणारी संस्था मजबूत, उंच गाडीचा खरा उपयोग करू शकते. तिच्याकडे चालक आणि वर्षभराच्या खर्चाची तरतूद आहे का, हे आधी विचारावे. शक्य असेल तर गाडीबरोबर पहिल्या वर्षाच्या विम्याचे आणि देखभालीचे पैसेही द्यावेत. या पैशांची ८०जी पावती मिळू शकते.

कागदपत्रे केली नाहीत तर काय होते?

सर्वात मोठा धोका इथे आहे. ‘गाडी दिली, चावी दिली, संस्था बघेल’ असे म्हणून अनेक जण मोकळे होतात. पण सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले, की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक. त्या प्रकरणात गाडी पुढे अनेक हातांत गेली होती, पण नोंद बदलली नव्हती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी मूळ मालकावरच आली. दान केलेल्या गाडीचा अपघात झाला तरी हेच होईल.

त्यामुळे अंधेरीचा एमएच-०२ असो, बोरिवलीचा एमएच-४७ किंवा मुलुंड-घाटकोपरकरांचा वडाळ्याचा एमएच-०३, हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३० भरलेच पाहिजेत. राज्यातल्या राज्यात हस्तांतरण असेल तर देणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. कर्ज फिटले असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवावा. ई-चलान भरावीत, फास्टॅग बंद करावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली नसेल तर आरटीओतील काम अडू शकते. संस्थेच्या नावावर गाडी करताना कराचा फरक भरावा लागेल का, हेही आरटीओत आधीच विचारावे. नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो मालकाचा असतो. त्याचे पत्र विमा कंपनीकडून घ्यावे.

संस्था खरी आहे हे कसे ओळखायचे?

‘घरी येऊन गाडी घेऊन जाऊ’ असा व्हॉट्सअॅप संदेश आला म्हणून चावी देऊ नये. महाराष्ट्रातील न्यासाची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर अनेक संस्थांची माहिती मिळते. ८०जी नोंदणीचा क्रमांक मागावा. कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करून देऊ नये. गाडी स्वीकारल्याचे संस्थेच्या लेटरहेडवरील पत्र घ्यावे, त्यात चॅसी क्रमांक, किलोमीटर, तारीख आणि वेळ असावी.

नोंदणी पुस्तिकेवर संस्थेचे नाव चढेपर्यंत दान पूर्ण झालेले नसते. तोवर गाडी कोणीही चालवत असले, तरी कायद्याच्या नजरेत मालक जुनाच राहतो.