पहिल्या ट्रॅक डेला थ्रॉटल पिळू नका



आधी माझी एक चूक कबूल करतो. व्हिडिओत मी कितीतरी वेळा म्हटलंय, "धंद्यात उतरलात ना, मग थ्रॉटल पिळा, ब्रेकचं नंतर बघू." ऐकायला भारी वाटतं, टाळ्याही पडतात. पण मागच्या महिन्यात कोल्हापूरच्या कार्यशाळेनंतर एक पोरगा भेटला आणि माझंच वाक्य त्याने मला ऐकवलं.

त्याला गावात बाईक सर्व्हिसिंगचं गॅरेज टाकायचंय. दोन वर्षं नोकरी करून सव्वा लाख बाजूला काढलेत. मध्येच नवी केटीएम आरसी ३९० घेतली, तिचा हप्ता चालू आहे. म्हणाला, "सर, ट्रॅक डे करतो. ट्रॅकवर बाईक पळवली की गिऱ्हाईकांत नाव होईल. तुम्हीच म्हणता ना, थ्रॉटल पिळा."

मी म्हटलं, जा, नक्की जा. पण आधी माझं ऐक.

काही वर्षांपूर्वी मीही अशीच नवी आरसी घेऊन कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेला गेलो होतो. बाईक आपल्या चाकणची, ट्रॅक तिकडे, म्हणून पुण्याहून सुमारे १,२०० किलोमीटर चालवतच नेली. पहिलं सेशन छान झालं. दुसऱ्यात एका आर१५ वाल्याने मला वळणात बाहेरून मागे टाकलं. त्याचं इंजिन १५५ सीसी, माझं ३७३. डोकं फिरलं. सरळ रस्त्यावर त्याला गाठलं आणि पुढच्या वळणाला ब्रेक उशिरा दाबला. नजर वळणाकडे हवी होती, ती त्याच्या मागच्या चाकावर. घाबरून वळणातच पुढचा ब्रेक आवळला, पुढचं चाक सुटलं आणि मी गवतात.

मला फार लागलं नाही, कारण लेदर सूट होता. पण एक बाजूची फेअरिंग, क्लिप-ऑन हँडल, क्लच लिव्हर, फूटपेग, सगळं गेलं. त्या रात्री लॉजवर पहिल्यांदा विम्याचा कागद नीट वाचला. 'वापराच्या मर्यादा' या भागात स्पष्ट लिहिलेलं असतं की रेसिंग आणि स्पीड टेस्टिंगसाठी हा विमा नाही. म्हणजे खर्च माझ्याच खिशातून. बाईक ट्रकने परत आणली, तेही पैसे वेगळेच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या ट्रॅक डेला जी बाईक न्याल, ती उद्या दुरुस्त करायला लागेल एवढी रक्कम वेगळी ठेवा. नसेल तर हा हंगाम जाऊ द्या. आणि ती रक्कम गॅरेजच्या भांडवलातली नको. हे मी त्याला दोनदा सांगितलं, कारण त्याची नजर त्या सव्वा लाखावरच होती.

नाव होईल म्हणतो, त्याचंही बघू. ट्रॅक डे ही शर्यत नाही. तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो, कप नसतो. पंधरा-वीस मिनिटांची सेशन असतात, अनुभवानुसार गट पाडतात. नवीन माणसाने हळू गटातच नाव द्यायचं, तिथे लाज कसली? आणि पहिल्या दिवशी लॅप टाइमर घरी ठेवायचा. घड्याळ दिसलं की माणूस स्वतःशीच पैज लावतो.

बाकी कामाचं. पहिली सर्व्हिस झाल्याशिवाय नवी बाईक ट्रॅकवर नेऊ नका, इंजिन मोकळं व्हायला वेळ लागतो. नवे टायरही आधी रस्त्यावर थोडे घासून घ्या, वरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत ते घसरतात. प्रत्येक सेशनचा पहिला लॅप टायर गरम करायलाच असतो. आरसे काढायचे, लाईटवर टेप लावायचा, चेन आणि ब्रेक पॅड बघायचे. टायरमधली हवा किती ठेवायची ते तिथल्या इन्स्ट्रक्टरला विचारा. सूटची किंमत पाच आकडी असते. काही ठिकाणी भाड्याने मिळतो, आधी चौकशी करा. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये झेंडे समजून घ्या. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश पिटमध्ये या. मी त्या वेळी चहा पीत होतो.

जाता जाता, तो ट्रॅक ज्यांच्या नावाचा आहे त्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन टाकून फॉर्म्युला मारुती नावाची सिंगल-सीटर रेस कार बनवली होती. परवडणारी गाडी, शिकायला सोपी. पुढे फॉर्म्युला वनमध्ये गेलेला नरेन कार्तिकेयन सुरुवातीला तीच चालवायचा. मोठ्या मशीनने सुरुवात करायची घाई झालेल्या प्रत्येकाला मी हे सांगतो, मग ती बाईक असो की कर्जावरची सीएनसी.

पोराने शेवटी वहीच काढली. प्रवेश फी, सूटचं भाडं, पेट्रोल, राहणं आणि दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम, असं सगळं लिहिलं. बेरीज बघून जरा गप्प झाला. मग म्हणाला, "सर, चार महिने लागतील." मी म्हटलं, लागू देत.

आता बाईक टेम्पोतून न्यायची की रेल्वे पार्सलने, यावर आमचं अजून जमलेलं नाही. चालवत न्यायची नाही, एवढं मात्र ठरलंय.