आधी बीपी, मग भागाकार

सीबीसीचा रिपोर्ट आला की आपण काय बघतो? हिमोग्लोबिन. फार तर प्लेटलेट्स, तेही डेंग्यूच्या सीझनमध्ये. हल्ली मात्र नेटवर वाचून लोक एनएलआर काढतात. म्हणजे न्यूट्रोफिलच्या आकड्याला लिम्फोसाइटच्या आकड्याने भागायचं, बस्स. वेगळी टेस्ट नाही, वेगळे पैसे नाहीत.

नवलाख उंबऱ्याच्या एका प्लांटमध्ये क्वालिटीला असलेली माझी मैत्रीण, सातवा महिना, तिने हा भागाकार केला. ४.८. लगेच मला फोन. 'अगं, हे प्रीएक्लॅम्प्शिया तर नाही ना?'

आता हे अगदीच हवेतलं नाही हं. गरोदरपणातल्या या हाय बीपीच्या आजारात वारेला रक्तपुरवठा नीट होत नाही. मग वारेतून आईच्या रक्तात अशी द्रव्यं उतरतात की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, शरीरात दाह वाढतो. सीआरपी, एनएलआर सरासरीने जास्त दिसतात. पण सरासरीने! न्यूट्रोफिल गरोदरपणात तसेही वाढतात, आणि लघवीच्या साध्या इन्फेक्शननेही आकडा उडी मारतो. त्यावरून एकटीचं निदान होत नाही.

मी विचारलं, 'बीपी किती?'

'या महिन्यात बघितलंच नाही. ऑडिट होतं ना. डोकं दुखतंय दोन दिवस, पण ते एसीमुळे.'

घ्या! भागाकार केला, पट्टा बांधला नाही. कंपनीच्या फर्स्ट एड रूममधल्या सिस्टरने बांधला. १५२/९६. संध्याकाळी तळेगावच्या हॉस्पिटलात पुन्हा तेच, लघवीत प्रोटीन, आणि ॲडमिट. ऑडिट दुसऱ्याने केलं. (झालं की व्यवस्थित.)

वीस आठवड्यांनंतर चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा वर, म्हणजे डॉक्टर. १६०/११० म्हणजे गाडी काढा, लगेच. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली दुखणं, तोंड सुजणं, हे एसीवर ढकलू नका. पुढची पायरी फिट्सची. मॅग्नेशियम सल्फेटने तो धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ च्या मॅगपाय ट्रायलमध्ये दिसलं. पण त्यासाठी आधी हॉस्पिटलात पोचायला हवं ना!

आणि जिला आधीच बीपी, डायबिटीस आहे किंवा मागच्या खेपेला हे झालंय, तिने बाराव्या आठवड्याच्या आसपासच डॉक्टरांना कमी डोसच्या ॲस्पिरिनबद्दल विचारावं. सातव्या महिन्यात ती गाडी सुटलेली असते.