दिवाळी परवडते कशाने?

दसरा झाला की महाराष्ट्रातल्या घराघरांत वाण्याची यादी निघते. रवा, बेसन, भाजके पोहे, साखर, तेल, सुके खोबरे, खसखस. यादीच्या खाली दुसरा हिशेब असतो: भाऊबीज, पाडवा, लेकीजावयाचा आहेर, घरकामाच्या मावशींची साडी, मुलांचे कपडे. आकडे जुळेनात की एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘पूर्वी बरे होते, दिवाळी स्वस्तात व्हायची.’ गेल्या शंभर वर्षांकडे नीट पाहिले तर हे वाक्य टिकत नाही. दिवाळी स्वस्त कधीच नव्हती. तरीही ती बहुतेकांना परवडत आली. ती कशामुळे परवडली आणि त्या परवडण्याची किंमत कोणी मोजली, हे एकदा शांतपणे तपासायला हवे.

दिवाळीच्या खाण्याचा सर्वांत जुना थर आजही गोव्यात आणि कोकणात दिसतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान होते, पायाखाली करीट फोडले जाते आणि पानात पोहे येतात. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गूळखोबऱ्यात कालवलेले, फोडणीचे. भात नुकताच कापलेला, नारळ परसातला, दूध-ताक गोठ्यातले. बाजारातून आणायचे ते फार तर गूळ आणि मीठ. नवे धान्य हाच मुख्य पदार्थ आणि ते शेजाऱ्यापाजाऱ्यांसह खाणे हाच सण. घाटावरही वसुबारसेपासून सुरू होणारी दिवाळी गोठा आणि खळे यांच्याशी बांधलेली होती. ज्याच्या घरी पीक आले त्याच्या घरी दिवाळी, आणि ज्याच्याकडे पीक नाही त्याच्याकडे ती बलुत्याच्या वाट्यातून जात असे. तो वाटा मानाने मिळे की उपकाराने, हे जातीवर ठरत असे, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे.

आज ज्याला आपण पारंपरिक फराळ म्हणतो, त्याचे वय मात्र वाटते तेवढे नाही. तळणीचे आणि गोडाचे पदार्थ आपल्याकडे जुने आहेत. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात तयार झालेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या जेवणातले असे पदार्थ तपशिलाने येतात. पण ते राजाचे पान होते. आपल्या चिवड्यातली मिरची, शेंगदाणे आणि काजू ही तिन्ही अमेरिका खंडातून आलेली, पोर्तुगीज भारतात आल्यानंतरची. शेंगदाणा नव्हता तोवर शेंगतेलही नव्हते. तळण असे ते करडईच्या किंवा तिळाच्या तेलात, आणि साधेल त्या घरी तुपात. पांढरी साखर तर अलीकडेपर्यंत चैनच होती. सामान्य घराचा गोडवा गुळाचा.

साखर सर्वांच्या आवाक्यात आली त्यामागे धोरण आणि संघटना आहे. 1932 साली साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण मिळाले आणि देशभर कारखाने झपाट्याने वाढले. नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला. 1950-51च्या हंगामात प्रवरेच्या काठी त्याचे पहिले गाळप झाले. पुढच्या तीन-चार दशकांत महाराष्ट्र देशातल्या आघाडीच्या साखर उत्पादक राज्यांत गेला. शंकरपाळ्या, रव्याचे लाडू, पाकातल्या पुऱ्या घरोघरी होऊ लागल्या त्या या साखरेवर. पण याच साखरेची दुसरी बाजूही सणाच्या तोंडावरच दिसते. गाळपाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीची कुटुंबे तेव्हा बिऱ्हाड गाडीत घालून बाहेर पडतात. आपल्या लाडवाच्या साखरेचा ऊस ज्यांच्या कोयत्याने तोडला, त्यांची दिवाळी अनेकदा फडावरच्या कोपीत होते.

तुपाचेही असेच झाले. 1930च्या दशकात मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि 1937 साली ‘डालडा’ बाजारात आला. ज्या घराला साजूक तुपातली करंजी स्वप्नातही शक्य नव्हती, त्या घराला तो पिवळा डबा आणता आला. नारळाच्या वड्या, शंकरपाळ्या, चिरोटे गिरणगावच्या खोल्यांतही होऊ लागले. डबा रिकामा झाला की त्यातच चकल्या भरल्या जात किंवा तुळस लावली जाई. पुढे कळले की या तुपात ट्रान्स फॅट असते आणि ती हृदयाला घातक असते. खाद्यपदार्थांतील तिचे प्रमाण 2 टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम देशात जानेवारी 2022 पासून लागू झाला. मधली काही दशके सामान्य माणसाने स्वस्ताईची किंमत शरीराने चुकवली. स्वस्त वस्तू कोणाला ना कोणाला महाग पडलेली असते, हा या इतिहासातला पहिला धडा.

दुसरा धडा टंचाईने दिला. 1943 साली मुंबईत रेशनिंग सुरू झाले आणि स्वातंत्र्यानंतरही कैक वर्षे दिवाळी शिधापत्रिकेवर साजरी झाली. सणासाठी जादा साखर मिळणार की नाही, ही तेव्हा पहिल्या पानाची बातमी असे. रास्त भावाच्या दुकानापुढे पिशव्यांची रांग लागे, पुढे पामोलीनसाठी हातात बरणी घेऊन लोक उभे राहत. 1972चा दुष्काळ आला तेव्हा दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या हातांना सुकडीचा पौष्टिक खाऊ मिळत होता आणि शहरात रेशनवर मिलो ही आयात केलेली ज्वारी. त्याच काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या कार्यकर्त्या पक्षभेद बाजूला ठेवून महागाईविरोधात एकत्र आल्या. हजारो गृहिणी लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या. मागणी तेल, साखर, रॉकेल अशा साध्या वस्तूंची होती. त्या लाटण्याने दाखवून दिले की स्वयंपाकघरातला हिशेब हा राज्यकारभाराचा प्रश्न आहे. सणापुरती साखर मागणे म्हणजे चोचले नव्हेत. वर्षभर काटकसर करणाऱ्याला चार दिवस आनंदाने जगण्याचा हक्क आहे, एवढेच ती मागणी सांगत होती.

तिसरा धडा बोनसचा. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांना अफाट नफा झाला, त्यातून कामगारांना बोनस मिळू लागला. 1923 साली मालकांनी तो नाकारला, तेव्हा 1924च्या सुरुवातीला जवळजवळ सगळ्या गिरण्या संपाने बंद पडल्या. बोनस ही मालकाची मर्जी की कामगाराचा हक्क, हा वाद चार दशके चालला. 1965 साली कायदा झाला. किमान बोनस पुढे 8.33 टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याच्या पगाराइतका ठरला. लालबाग-परळच्या चाळींत याच पैशातून कपडे येत, गावाकडे मनीऑर्डर जाई, वाण्याची उधारी फिटे. 1981च्या दिवाळीत बोनसवरूनच ठिणगी पडली आणि 18 जानेवारी 1982 रोजी कामगारनेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्या वर्षीच्या दिवाळीला अनेक घरांत कढई चढली नाही. सण परवडण्याचा सर्वांत भक्कम आधार नियमित पगार हाच असतो. तो गेला की सवलतीच्या पाट्या कितीही लागल्या तरी उपयोग नसतो.

मग साखर महाग, तूप दुर्मीळ, बोनस अनिश्चित अशा काळात फराळ होत तरी कसा होता? उत्तर चाळीच्या गॅलरीत आणि वाड्याच्या ओसरीवर मिळते. अनारशाचेच पाहा. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे. मग ते फडक्यावर सावलीत पसरून जरा ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे. त्यात तितकाच गूळ आणि थोडे तूप घालून गोळा मळायचा आणि तो चांगला मुरू द्यायचा. नंतर खसखशीवर एकेक पुरी थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तळायची. आच चुकली किंवा गूळ जास्त झाला की अनारसा कढईत हसतो आणि तुपात विखरून जातो. सामान काय, तर तांदूळ, गूळ, मूठभर खसखस आणि तूप. पैसे थोडेच, पण वेळ आणि हात पुष्कळ. चकलीचेही तेच. भाजणी भाजायला एकजण, दळून आणायला एकजण, सोऱ्या दाबायला एकजण, कढईपाशी एकजण. म्हणून शेजारणी दिवस ठरवून घेत, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. एका घरात चार पदार्थ झाले तरी ताटांची देवाणघेवाण झाली की प्रत्येक घरात दहा पदार्थ दिसत. रिकामे ताट परत करायचे नाही, त्यात साखर तरी घालायची, हा संकेत साऱ्या आळीने पाळलेला असे.

या चित्राकडे हळवेपणाने पाहण्याआधी एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. हे सगळे हात बायकांचे होते आणि त्यांच्या कष्टाची किंमत कुणी कधी हिशेबात धरली नाही. घरे लहान झाली, बायका नोकरीला लागल्या, शेजारणीची मदत दुर्मीळ झाली. 1970 साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले. वाटी-चमच्याच्या मापातल्या त्याच्या कृतींनी सासू किंवा आई जवळ नसलेल्या कितीतरी मुलींना हात दिला. पण पुस्तकाने कृती दिली, मदतीला माणूस दिला नाही. ऑफिसातून आल्यावर रात्री बारापर्यंत एकटीने लाडू वळणारी बाई हे पुढच्या दशकांचे वास्तव आहे. दिवाळी परवडत होती ती बऱ्याच अंशी तिच्या फुकटच्या कष्टावर. ही तऱ्हा टिकवण्याचे काहीच कारण नाही.

भेटवस्तूंनाही तेव्हा फार पैसा लागत नसे. दिवाळीच्या आवरासावरीत निघालेले जुने कपडे देऊन बोहारणीकडून स्टीलचा डबा घ्यायचा आणि तोच लेकीच्या संसाराला द्यायचा, यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद आणि खळ यांतून मुले आकाशकंदील करत, अंगणातल्या मातीत किल्ला उभा करत. भाऊबीजेची ओवाळणी भावाच्या ऐपतीने ठरे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी 1896 साली स्थापन केलेल्या आणि पुढे हिंगण्याला वाढलेल्या संस्थेने तर या ओवाळणीला सार्वजनिक रूप दिले. भाऊबीज निधीसाठी कार्यकर्त्या दारोदार जात. समाजातल्या अनोळखी भावांनी दिलेल्या लहान लहान रकमांतून निराधार मुलींचे शिक्षण झाले. एवढी किफायतशीर आणि एवढी मोलाची भेट शोधून सापडणार नाही.

आणखी एक भेट अस्सल मराठी आहे. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी वाचनाची जागा कायमची ठरवून टाकली. आजही अनेक ग्रंथालये थोड्या वर्गणीत दिवाळी अंक घरी वाचायला देतात. एखाद्या मुलाला, सेवानिवृत्त शिक्षकाला किंवा गावाकडच्या वाचनालयाला एक अंक द्यावा. तो पुढचे कित्येक महिने हातोहात फिरतो.

आज दिवाळीचा बाजार मोठा झाला आहे. चकचकीत खोक्यातला सुका मेवा कंपन्यांकडून येतो आणि न उघडताच पुढच्या घरी जातो. हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूंचे कर्ज पुढची दिवाळी येईपर्यंत फिटत नाही. दुसरीकडे राज्य सरकारला 2022च्या दिवाळीत 100 रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल यांचा ‘आनंदाचा शिधा’ द्यावा लागला, यावरून कितीतरी घरांत चार जिन्नसही सहज येत नाहीत हे उघड झाले. या दोन टोकांच्या मध्ये एक चांगला रस्ता आहे आणि तो आपल्याच मातीत तयार झाला आहे. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. 1975 साली प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना ‘अन्नपूर्णा’ महिला मंडळात संघटित केले. त्याच वर्षी महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे गावोगाव बचत गट वाढले. घरातल्या फुकट कष्टाला या बायकांनी मोबदला मिळवून दिला. फराळ विकत आणणे म्हणजे परंपरा बुडवणे, हा समज आता सोडून द्यावा. राबणाऱ्या हाताला दाम मिळत असेल, तर विकतची चकली घरच्या चकलीइतकीच सणाची आहे.

म्हणून या दिवाळीसाठी वाचकांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. फराळाचे सगळे पदार्थ घरी करण्याचा अट्टहास नको. दोन-तीन निवडा, आणि तेही घरातल्या पुरुषांनी व मुलांनी बरोबरीने करावेत. बाकीचे जवळच्या बचत गटाकडून घ्या आणि भावात घासाघीस करू नका. शेजारी ताट पाठवण्याची रीत पुन्हा सुरू करा, मजला आणि जात न पाहता. घरकाम करणाऱ्या मावशींना, इमारतीच्या पहारेकऱ्याला बोनस सणाच्या आधी हातात द्या, कारण त्यांनाही वाण्याची यादी करायची असते. भेट द्यायची तर आपल्या ऐपतीतली, उधारी न करता घेतलेली द्या. कर्ज काढून दिलेल्या भेटीने कुणाचाच मान वाढत नाही. दिवाळी प्रत्येक काळात परवडली ती सामान, कष्ट आणि पैसा वाटून घेतल्याने. जिथे ओझे एकाच्याच खांद्यावर पडले तिथे ती कुणाला तरी जड गेली. यंदा ती कुणालाच जड जाऊ नये, एवढी काळजी आपण सगळ्यांनी मिळून घेऊ या.