अमेरिकेनं संसदांच्या पंगतीतून उठून पाव शतक झालं. ती परत बसली तर कापूसवाल्याचा फायदा काय?

बदनापूर : सेवा सोसायटीचं कर्ज थकलं की निवडणुकीला उभं राहता येत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. जगातल्या संसदांचीही अशीच एक सभासदांची संस्था आहे. तिथंही वर्गणी थकली की मताचा हक्क जातो. आणि या संस्थेतून बाहेर पडलेला सगळ्यात मोठा सभासद म्हणजे अमेरिका.

संस्थेचं नाव आंतर-संसदीय संघ. १८८९ साली पॅरिसमध्ये तिची सुरुवात झाली. इंग्लंडचे विल्यम रँडल क्रेमर आणि फ्रान्सचे फ्रेडरिक पासी या दोन खासदारांनी ती उभी केली. देशादेशांतली भांडणं लढाईनं नाही तर बोलणीनं मिटावीत, एवढाच हेतू. पुढं दोघांनाही शांततेचं नोबेल मिळालं. आज कचेरी जिनिव्हाला आहे आणि १८० पेक्षा जास्त देशांच्या संसदा सभासद आहेत. भारत १९४९ पासून आहे.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांत देशाचं सरकार बसतं. या संघात सरकार नाही, सभागृह बसतं. म्हणजे सत्ताधारी आणि विरोधी, दोन्हीकडचे खासदार जातात. आपल्याकडं लोकसभेचे अध्यक्ष या कामाचे प्रमुख असतात. १९९३ मध्ये संघाची परिषद दिल्लीत भरली, तेव्हा त्या खुर्चीवर आपल्या मराठवाड्याचे, लातूरचे शिवराज पाटील होते.

अमेरिका का गेली?

पैशावरून. अमेरिकेच्या वाट्याला मोठी वर्गणी यायची. १९९८ मध्ये तिथल्या संसदेनं कायदाच केला, की वर्गणी कमी करा, नाहीतर आम्ही बाहेर. तडजोड झाली नाही आणि १९९९ च्या सुमारास अमेरिका बाहेर पडली. योगायोग असा, की त्याच वर्षी महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या नजमा हेपतुल्ला या संघाच्या परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावरच्या त्या पहिल्या महिला. म्हणजे आपल्या राज्याची खासदार मुख्य खुर्चीवर आणि अमेरिका दाराबाहेर.

परत येण्याचं दार बंद नाही. तिथल्या संसदेनं ठरवायचं, अर्ज करायचा, वर्गणी भरायची, आणि संघाच्या परिषदेनं मंजुरी द्यायची. अवघड आहे ते मन करणं.

आपला संबंध कुठं येतो?

कापसात येतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेनं जागतिक व्यापार संघटनेत तक्रारीचा कागद दिला, की भारत कापसाच्या हमीभावातून ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त मदत देतो आणि आकडा कमी दाखवतो. भारताला हा हिशोबच मान्य नाही. अमेरिका स्वतःच्या कापूस शेतकऱ्याला अनुदान आणि विमा देते, तो भाग वेगळाच.

मग ऑगस्ट २०२५ उजाडला. अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं. त्याच महिन्यात आपल्या सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के शुल्क काढलं, आणि ती सूट पुढं डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. नेमकं तेव्हाच आपल्या शेतात वेचणी चालू होती. हे दोन्ही निर्णय सरकारांनी घेतले. टेक्सासचा कापूसवाला आणि जालन्याचा कापूसवाला, दोघांचे खासदार एकमेकांसमोर कधी बसलेच नाहीत.

अशी बसायची जागा आहे. युरोपीय संसद आणि हा संघ मिळून २००३ पासून व्यापार संघटनेवर खासदारांची परिषद भरवतात. शेतीचं अनुदान हा तिथला विषय आहे. अमेरिका संघात परतली, तर तिथले खासदार अशा बैठकांना नेमानं येतील आणि आपल्या खासदाराला हमीभावाची बाजू तोंडावर मांडता येईल.

जास्त आशाही धरू नये. संघाचे ठराव कोणत्याच सरकारवर बंधनकारक नाहीत. तिथं ठराव झाला म्हणून क्विंटलमागं भाव वाढणार नाही. "खासदारांची परदेशवारी" ही टीकाही अगदीच खोटी नाही. पण न बोलता शुल्क लावण्यापेक्षा बोलून भांडणं कधीही बरं. जो पंगतीतून उठतो, त्याला वाढप्याला नावं ठेवता येतात, पण ताटात काही पडत नाही.

सभागृह चालू पाहिजे

या संघाचा मूळ नियमच असा, की सभासद व्हायला देशात चालतं सभागृह लागतं. लष्करानं संसद मोडली, की सभासदत्वावरच प्रश्न येतो. अधिकारी कितीही हुशार असला तरी तो निवडून आलेल्याची जागा घेत नाही, असा त्याचा अर्थ. हा अर्थ आपल्याला समजावून सांगायला नको. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि आपल्या जिल्हा परिषदेत, पंचायत समितीत प्रशासक आले. विहिरीची फाईल अडली तर कुणाला धरायचं, हा प्रश्न तेव्हापासून गावोगाव विचारला गेला.

अमेरिका परत येईल का, ते तिथले मतदार बघतील. आपण आपल्यापुरतं एक करू शकतो. मराठवाड्यातला कोणताही खासदार अशा परिषदेला जाऊन आला, तर हार घालायच्या आधी त्याला विचारायचं : साहेब, कापसावर काय बोललात?