मानेतील गाठ आणि बुडालेली रोजंदारी

जिभेचा कर्करोग जिभेवरच थांबत नाही. त्याच्या पेशी लसवाहिन्यांतून मानेतील लसग्रंथींत पोचतात आणि तेथे मूळ धरतात. तसे झाले की रुग्ण वाचण्याची शक्यता ढोबळ मानाने निम्म्यावर येते. हा प्रसार आरंभी हाताला लागत नाही. म्हणून मान वरकरणी निर्दोष असताना जिभेबरोबर या ग्रंथीही काढाव्यात, की गाठ येईपर्यंत नुसते लक्ष ठेवावे, हा वाद शल्यचिकित्सकांत अनेक दशके चालला.

त्याचा निवाडा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने केला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील चाचणीत तोंडाच्या, त्यांतही बहुतांश जिभेच्या, कर्करोगाच्या प्राथमिक अवस्थेतील ५०० रुग्णांचा हिशेब आहे. ज्यांच्या ग्रंथी आरंभीच काढल्या, त्यांच्यापैकी शेकडा ८० तीन वर्षांनी हयात होते. गाठीची वाट पाहिली, त्यांच्यात शेकडा ६७.५. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेचे, कोणत्याही नव्या पेटंट औषधाविना झालेले हे काम आहे. खाजगीकरणाची स्तोत्रे गाणाऱ्यांनी त्याची नोंद घ्यायला हरकत नसावी.

‘लक्ष ठेवणे’ हा शब्दप्रयोगही वर्गनिरपेक्ष नाही. ऊसतोडणी कामगाराला त्याचा अर्थ रोजंदारी बुडवून, एस.टी.चे भाडे उसने घेऊन पुनःपुन्हा शहर गाठणे असा होतो. चाचणीतील रुग्ण नियमित तपासले जात असूनही एवढा फरक पडला. जेथे फेरतपासणीच चुकते, तेथे काय होत असेल?

मात्र या शस्त्रक्रियेचा लाभ वेळेवर पोचणाऱ्यालाच. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन, उजेडात नुसती तोंडे तपासली. तंबाखू वा दारूचे सेवन करणाऱ्यांतील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले, हे २००५ सालीच सिद्ध झाले. केंद्र सरकारने ३० वर्षांवरील सर्वांच्या मुखतपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली ती २०१६ साली. आणि त्यासाठी माणसे गोळा करण्याचे काम सोपवले आशा सेविकांवर, ज्यांना आजही वेतन नव्हे, ‘मोबदला’ मिळतो! महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. ती कितपत पाळली जाते हे कोणतीही पानटपरी सांगेल.

पक्षाच्या शाखांनी आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे लेखी विचारणा करावी: गेल्या वर्षी किती जणांची तोंडे तपासली, किती जणांत संशयास्पद व्रण आढळले, आणि त्यांपैकी किती जण शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचले?